मूळ गाडी कोणती? पोचे, पत्रा आणि बदललेल्या मोटारींचा इतिहास

१/
केळझरच्या आमच्या घरी एक जीप आहे. १९६६ साली नोंदलेली, पुढे आजोबांनी सरकारी लिलावात घेतलेली. काकांनी मध्यंतरी ठरवले की तिची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करायची. अर्ज भरण्याचे काम साहजिकच घरातल्या इतिहासाच्या विद्यार्थिनीकडे आले. नियम वाचू लागले आणि पहिल्याच अटीपाशी अडले: गाडी मूळ स्वरूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. आमच्या जीपचे इंजिन १९८६ साली बदलले आहे, टपही नंतरचा आहे. काका म्हणाले, “पन्नास वर्षं आपल्या दारात उभी आहे. ही मूळ नाही, तर मग मूळ कोणती?”

प्रश्न वाहनांचा असला तरी तो इतिहासाचाही आहे. आजचा धागा त्यावर.

२/
सुरुवात गावापासूनच करू. केळझर नागपूर–वर्धा रस्त्यावर आहे, वर्ध्यापासून सुमारे २६ किलोमीटर. येथील परंपरा सांगते की महाभारतातील एकचक्रानगरी ती हीच. गावच्या गणपतीलाही ‘एकचक्रा गणेश’ म्हणतात. जळगाव जिल्ह्यातील एरंडोलसह इतरही काही गावे हाच मान सांगतात, त्यामुळे इतिहासाच्या अभ्यासकाने यात निवाडा देऊ नये हे बरे. मात्र कथेच्या मध्यभागी काय आहे ते पाहा. बकासुराकडे रोज अन्नाने भरलेला गाडा जातो. एके दिवशी तो भीम घेऊन जातो आणि वाटेत अन्न स्वतःच फस्त करतो. म्हणजे आमच्या गावाच्या स्मृतीतले सर्वांत जुने वाहन म्हणजे एक बैलगाडा.

३/
त्या गाड्याचे वंशज विदर्भात अजून दिसतात. माल वाहणारी बंडी, हलकी रेंगी, छकडा, माणसांसाठी दमणी. यांपैकी कोणतीही गाडी कारखान्यातून ‘पूर्ण’ होऊन येत नसे. वाढई तुंबा, आरे आणि पुठ्ठे घडवी. लोहार त्यावर लोखंडी धाव चढवी. धाव चाकापेक्षा किंचित लहान करायची, लाल होईपर्यंत तापवायची, प्रसरण पावली की चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. थंड होताना लोखंड आकसते आणि सारे चाक आवळून धरते. आरा मोडला तर आरा बदलायचा, धाव झिजली तर धाव. दहा वर्षांनी त्या बंडीत पहिले लाकूड किती उरले, असे कोणी विचारत नसे. गाडी चालते ना, एवढेच पुरे असे.

धावेची ही युक्ती लक्षात ठेवा. ती पुढे पुन्हा येणार आहे.

४/
मोटार आली तेव्हा तीही प्रारंभी याच पद्धतीची होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत श्रीमंत ग्राहक कंपनीकडून बहुधा इंजिनासह नुसती चासी घेत आणि बॉडी वेगळ्या कारागिराकडून बांधून घेत. सांगाडा लाकडी, वर पत्रा. हे कारागीर पूर्वी घोड्यांच्या बग्ग्या बांधत आलेले. त्यामुळे एकाच चासीवर दोन मालकांच्या दोन अगदी निराळ्या गाड्या दिसत. १९१० च्या सुमारास कलकत्त्याच्या रस्त्यांवर हंसाच्या आकाराची मोटार धावली. संस्थानिकांनी शिकारीसाठी उघड्या बॉडीच्या, मोठे शोधदिवे लावलेल्या गाड्या करून घेतल्या. आज आपण ज्याला ‘मॉडिफिकेशन’ म्हणतो ती त्या काळी मोटार विकत घेण्याची नेहमीची रीत होती.

५/
‘मूळ स्वरूप’ ही कल्पना जन्मली ती मोठ्या प्रमाणावरील उत्पादनातून. हेन्री फोर्डची मॉडेल टी १९०८ साली बाजारात आली. १९१४ ते १९२५ या काळात ती केवळ काळ्या रंगात मिळे. लाखो गाड्या एकसारख्या निघू लागल्या, तेव्हाच ‘कंपनीने दिली तशी’ या शब्दांना अर्थ आला. भारतात ही पद्धत मुंबईमार्गे पोचली. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला सुट्या भागांतून गाड्या जोडण्याचा कारखाना सुरू केला. थोड्याच काळात फोर्डनेही मुंबईत जोडणी सुरू केली. हळूहळू लाकडी सांगाडे गेले आणि सबंध पोलादी बॉडी आली. लाकूड तडकते, पत्रा दबतो. म्हणजे गाडीला ‘पोचा’ पडणे ही गोष्टही एका विशिष्ट काळाचीच देणगी आहे.

६/
पोच्याच्या जोडीला रंगाचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. जुन्या वार्निशासारख्या रंगांना वाळायला कित्येक दिवस, कधी आठवडे लागत. १९२३–२४ च्या सुमारास अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीचा ‘ड्यूको’ हा झटपट वाळणारा लॅकर मोटारींवर वापरला जाऊ लागला. पिस्तुलाने फवारायचा, वाळला की घासून चकाकी आणायची. तो मूळ लॅकर आता फारसा उरलेला नाही, पण शब्द राहिला. आजही आपल्याकडचे रंगारी मोटारीला आणि दिवाणखान्यातल्या कपाटालाही ‘ड्यूको मारतात’. शंभर वर्षांपूर्वीच्या एका व्यापारी नावाने गॅरेजच्या भाषेत कायमचे घर केले आहे.

७/
हाताने पोचा काढण्याची विद्या थोडक्यात अशी. आतून लोखंडी ठोकळा, ज्याला ‘डॉली’ म्हणतात, पत्र्याला टेकवायचा आणि बाहेरून हातोडीने हलके ठोके द्यायचे. घाव खोलात नको. कडेकडून आत येत जायचे, कारण कडेला साठलेला ताण सुटला की मधला भाग अर्धाअधिक आपसूक वर येतो. ठोकून ठोकून पत्रा ताणला गेला, फुगा आला, तर त्या ठिकाणी गॅसची ज्योत धरायची, पत्रा लाल झाला की ओल्या फडक्याने थंड करायचा. पत्रा आकसतो आणि फुगा बसतो. लोहाराने धावेवर पाणी ओतले तेव्हा घडले तेच येथे घडते. मग पुट्टी, पाण्याने घोटाई, प्रायमर आणि शेवटी रंग.

केळझरच्या चाकापासून कुर्ल्याच्या फियाटपर्यंत विज्ञान एकच. मात्र ग्रंथात न उतरता हातातून हातात गेलेले.

८/
मोटार गावात आली ती ‘सर्व्हिस मोटार’ म्हणून. मध्यप्रांत-वऱ्हाडात खासगी मोटारी रेल्वेला समांतर धावू लागल्या. लॉरीच्या चासीवर स्थानिक सुताराने बांधलेली बॉडी, आत बाकडी, टपावर सामान, मागे लोंबकळणारे उतारू. रेल्वेचे उत्पन्न घटू लागले, तेव्हा सरकारने मिचेल-कर्कनेस समितीकडून १९३३ च्या सुमारास चौकशी करवली. पुढे १९३९ चा मोटार वाहन कायदा आला. परवाने, नोंदणी, गाडीच्या रचनेवरचे नियम ही सारी चौकट त्यात आहे. गाडीत फेरबदल केल्यास नोंदणी अधिकाऱ्याला कळवण्याची जबाबदारीही तेव्हापासूनची. गाडीच्या आकारावर आता मालक आणि कारागीर यांच्यासह सरकारचाही अधिकार निर्माण झाला.

९/
याच दशकात आमच्या जिल्ह्यात एक विलक्षण ‘मॉडिफाइड’ मोटार फिरत होती. गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या सेगावला राहायला गेले. त्या गावाचे पुढे सेवाग्राम झाले. वर्ध्यापासून तेथवरचा रस्ता काळ्या मातीचा, पावसाळ्यात चिखलाचा. त्या काळच्या आठवणींत जमनालाल बजाज यांच्याकडील एका जुन्या फोर्ड मोटारीचा उल्लेख येतो. तिचे इंजिन काढून टाकले आणि पुढे बैलजोडी जुंपली. फोर्ड गाडी ओढणारे ऑक्स, म्हणून थट्टेने तिचे नाव पडले ‘ऑक्स-फर्ड’. गादीची बैठक मोटारीची, चाल बैलाची.

१०/
हा निव्वळ विनोद समजू नये. त्याच काळी कॅनडात मंदीने खचलेले शेतकरी पेट्रोल परवडत नाही म्हणून मोटारींना घोडे जुंपत होते. पंतप्रधान आर. बी. बेनेट यांच्यावरच्या रागातून त्या गाड्यांना ‘बेनेट बग्गी’ म्हणत. अमेरिकेत तशाच गाड्यांना राष्ट्राध्यक्षांच्या नावावरून ‘हूवर वॅगन’ म्हटले गेले. तेथे हा बदल हताशेतून आला. वर्ध्यात त्याच्यामागे एक विचारही होता. याच गावात मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांच्या मार्गदर्शनाखाली १९३४ पासून अखिल भारत ग्रामोद्योग संघ काम करीत होता आणि गावातल्या साधनांतून, गावातल्या कारागिराकडून काय साधते याचे प्रयोग चालले होते. एकच दुरुस्ती तीन देशांत तीन अर्थ धारण करते. वस्तूचा इतिहास तिच्या भोवतालाशिवाय वाचता येत नाही, तो असा.

(वीस वर्षांनी भारताची सर्वांत परिचित मोटार ठरलेली अॅम्बॅसेडर ही मॉरिस कंपनीच्या ‘ऑक्सफर्ड’ गाडीचेच रूप होती. आमच्या जिल्ह्यात ऑक्स-फर्ड आधी येऊन गेली होती, असे म्हणायला हरकत नाही.)

११/
दुसऱ्या महायुद्धात मोटारींत बदल करणे ही साऱ्या देशाची गरज झाली. १९४१ साली पेट्रोलचे रेशनिंग आले. १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तेथून येणारे तेलही बंद झाले. तेव्हा मोटारींच्या मागे लोखंडी भट्ट्या बसवल्या गेल्या. लोणारी कोळसा कमी हवेत जाळला की कार्बन मोनॉक्साइड आणि थोडा हायड्रोजन असलेला ज्वलनशील वायू निघतो. तो गाळून, थंड करून इंजिनाला द्यायचा. गाडी सुटण्याआधी क्लीनर हाताने पंखा फिरवून भट्टी पेटवी. इंजिनाची ताकद तिसऱ्या हिश्श्याने, कधी निम्म्याने घटे आणि चढावर उतारूंना खाली उतरावे लागे. ‘कोळशाच्या मोटारी’ जुन्या पिढीच्या आठवणींत अजून आहेत. सरकारच येथे फेरबदलाला उत्तेजन देत होते, हे नोंदवून ठेवू.

१२/
युद्धाच्याच काळात, डिसेंबर १९४३ मध्ये, देशातील मुख्य अभियंत्यांची परिषद नागपुरात भरली. भारतातील रस्त्यांचा पहिला दीर्घ मुदतीचा आराखडा ‘नागपूर योजना’ म्हणून ओळखला जातो, तो येथला. रस्ते कागदावर आले, गाड्या कोठून येणार? सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास माझगावात विलिज जीपच्या जोडणीला आरंभ केला. १९५३ साली सरकारने धोरण ठरवले की येथे गाड्या बनवण्याची योजना नसलेल्यांनी नुसती जोडणी करू नये. जनरल मोटर्स आणि फोर्ड भारतातून गेल्या. उरले मोजके उत्पादक आणि मोजकी मॉडेले.

१३/
येथून टंचाईचा काळ सुरू होतो आणि माझ्या मते महाराष्ट्रातील मोटार-कारागिरीचा सुवर्णकाळही. फियाटसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. नवी गाडी दुर्मिळ, सुटा भाग महाग. अशा वेळी दबलेला दरवाजा फेकून नवा आणण्याचा विचार कोण करील? पत्रा ठोकून सरळ केला जाई, गंजलेला तुकडा कापून नव्या पत्र्याचा जोड वेल्ड केला जाई. मॉडेले मोजकी असल्याने तालुक्याच्या गावच्या मिस्त्रीलाही प्रत्येक गाडीची नस ठाऊक असे. टिंकर, वेल्डर, रंगारी, कुशनवाला आणि इलेक्ट्रिशियन यांच्या टपऱ्या एकाला एक लागून असत. बारा बलुतेदार गावाचा गाडा चालवत. हे नवे बलुतेदार मोटार चालवू लागले.

१४/
या काळातील फेरबदलांकडे नीट पाहिले तर त्यांत गरज आणि हौस वेगळी काढता येत नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले, तेव्हा जीप आणि अॅम्बॅसेडरमध्ये डिझेल इंजिने बसवली जाऊ लागली. ही गरज. स्टिअरिंगजवळचा गिअर खाली फरशीवर आणणे, ही थोडी सोय आणि थोडी ऐट. शेतकऱ्याने जीपच्या कापडी टपाच्या जागी पत्र्याचा टप बसवला तो धुळीपासून आणि पावसापासून बचाव म्हणून, पण मागच्या काचेवर देवाचे नाव रंगवून घेतले ते हौसेने. मुंबईच्या फियाट टॅक्सीच्या छताला फुलाफुलांचे कापड लागले ते कोणत्या रकान्यात टाकावे? चालकाचे दिवसातले बारा तास त्या छताखाली जात.

१५/
आमच्या जीपचे १९८६ मधले इंजिनबदलही असेच. पेट्रोलचे हरिकेन इंजिन ओलिताच्या शेतापर्यंत जाऊन-येऊन खिसा रिकामा करी. आजोबांनी ते काढून डिझेल बसवले आणि आरसी पुस्तकात रीतसर नोंद करून घेतली. ती जीप तेव्हा बदलली नसती, तर भंगारात गेली असती. टिकून राहण्यासाठीच तिला बदलावे लागले. पुढे हाच मुद्दा माझ्या युक्तिवादाचा कणा होणार आहे.

१६/
महाराष्ट्रातील सर्वांत मोठा ‘फेरबदल’ हौशी तरुणांनी केला नाही, तो न्यायालयाने करवला. मुंबईच्या धुराविरुद्ध नागरिकांनी उच्च न्यायालयात लढा दिला आणि त्यातील आदेशांमुळे या शतकाच्या आरंभी हजारो जुन्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी सीएनजीवर आल्या. डिकीत सिलिंडर, इंजिनाला किट. कुर्ल्यात बनलेल्या पद्मिनीच्या रचनाकाराने कधी कल्पिले नव्हते असे हे रूप घेऊन त्या आणखी दोन दशके धावल्या. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईतील पद्मिनी टॅक्सीचा कायदेशीर प्रवास संपला. निरोपाच्या वेळी लोकांनी ज्या गाडीवर हळहळ व्यक्त केली ती कारखान्यातून निघालेली गाडी नव्हतीच. ती चालकांनी आणि मिस्त्रींनी घडवलेली गाडी होती.

१७/
मधल्या काळात गाडीची जातच बदलली. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली. १९९३ साली मोटार उत्पादनावरील परवान्याचे बंधन उठले. वेगळी चासी जाऊन अखंड कवचाची बॉडी सर्वत्र आली, पोलादी क्रोमचे बंपर जाऊन प्लास्टिकचे आले, पत्रा हलका झाला. त्याच १९९३ साली दिलीप छाब्रिया यांनी ‘डीसी’ हा फेरबदलाचा व्यवसाय उभा केला. २००४ च्या ‘टार्झन : द वंडर कार’ या चित्रपटातील गाडी त्यांच्याकडे घडली. एका पिढीला ‘मॉडिफाय’ हे क्रियापद त्या चित्रपटाने दिले म्हटले तरी चालेल. टंचाईतून आलेला फेरबदल आता विपुलतेतून येऊ लागला. कारण सर्वांच्या गाड्या पुन्हा एकसारख्या झाल्या होत्या.

१८/
किरकोळ नुकसानीचे अर्थशास्त्रही पालटले. विम्यात ‘नो क्लेम बोनस’ असतो. वर्षभर दावा केला नाही तर पुढच्या हप्त्यात स्वतःच्या नुकसानीच्या भागावर २० टक्के सूट, आणि ती वाढत पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत. म्हणून लहानसा ओरखडा असेल तर जाणता मालक दावा करीत नाही. कोपऱ्यावरच्या टिंकरकडे जातो. मोठा पोचा असेल तर दावा होतो आणि गाडी कंपनीच्या कार्यशाळेत जाते. तेथे मजुरीचा तास महाग आणि नवा सुटा भाग तयार, म्हणून ठोकण्यापेक्षा बदलणे सोयीचे ठरते. परिणामी टिंकरकडे केवळ स्वस्तातली कामे उरतात. जी विद्या अवघड कामांवर पोसली जाते, ती सोप्या कामांवर फार काळ टिकत नाही.

१९/
आता कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ पूर्वी परवानगी घेऊन बदल करण्याला बरीच वाट ठेवत होते. २००० सालच्या दुरुस्तीने ते आवळले: उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाहून गाडी वेगळी करता येणार नाही, इंधनबदलासारखे मोजके अपवाद. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काचांवरील काळ्या फिल्म बंद केल्या. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना ‘बुल बार’वर कारवाई करण्यास सांगितले. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ५२ चा कठोर अर्थच कायम केला. त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आणली.

२०/
या कायद्यामागची कारणे पोकळ नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आजच्या गाडीचा पुढचा भाग धडक झाली की ठरलेल्या रीतीने चुरगळावा, असाच बनवलेला असतो. त्यावर लोखंडी बार लावला तर धक्का थेट आतल्या माणसांपर्यंत जातो, पादचाऱ्याला अधिक इजा होते आणि एअरबॅग उघडण्याची वेळही चुकू शकते. फार रुंद टायर, कापलेल्या स्प्रिंगा, कर्णकर्कश सायलेन्सर यांची किंमत रस्त्यावरचे इतर लोक मोजतात. वेग आणि वाहने वाढलेल्या काळात राज्याने लक्ष घालणे स्वाभाविक आहे. माझा आक्षेप सुरक्षिततेच्या नियमांवर नाही. आक्षेप आहे तो ‘मूळ’ या शब्दाला इतिहासाचे मोल देताना होणाऱ्या गोंधळावर.

२१/
तो गोंधळ व्हिंटेजच्या नियमांत स्पष्ट दिसतो. जुलै २०२१ च्या या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकीला ‘व्हीए’ अक्षरांचा खास क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. गाडी रोजच्या वापरात आणायची नाही. प्रदर्शन, संशोधन, रॅली एवढ्यापुरतीच काढायची. आणि चासी, बॉडी, इंजिन मूळचे हवे. या चाळणीतून कोणत्या गाड्या पार पडतील? बहुतेक त्या, ज्या पडवीत झाकून ठेवल्या गेल्या, ज्यांच्या मालकांकडे दुसरी गाडी होती. शेतावर, बाजारात, प्रसूतीच्या रात्री दवाखान्यात धावलेल्या गाड्या वारशाबाहेर राहतील. न वापरलेली वस्तू वारसा आणि वापरलेली वस्तू भंगार, असा हा हिशेब होतो.

२२/
येथे केळझरच्या कथेकडे परत येऊ. एकचक्रेची कथा आदिपर्वात आहे. महाभारताचा मूळ पाठ कोणता, या प्रश्नावर पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ पासून १९६६ पर्यंत काम केले. बाराशेहून अधिक हस्तलिखिते पडताळली गेली. आदिपर्वाचे संपादन वि. सी. सुकथनकरांनी केले. त्या विद्वानांनी काय केले? शक्य तितका जुना पाठ वर छापला. पण नंतरच्या पिढ्यांनी घातलेले श्लोक आणि पाठभेद फेकून दिले नाहीत. तळटीपांत आणि परिशिष्टांत जपले. कारण ‘प्रक्षिप्त’ म्हणजे खोटे असे नव्हे. तो त्या त्या काळच्या वाचकाचा पुरावा असतो.

२३/
जुन्या मोटारीलाही हाच न्याय हवा. रंगाच्या थरांखाली दुसरा रंग सापडतो, तो एका मालकाच्या मृत्यूनंतर दुसऱ्याने दिलेला असतो. बदललेले इंजिन तेलाच्या किमतीचा इतिहास सांगते, वेल्डचा जोड सुट्या भागांच्या टंचाईचा, पत्र्याचा टप धुळीच्या रस्त्याचा. हे थर खरवडून गाडी पुन्हा ‘कंपनीसारखी’ केली, तर ती सुंदर दिसेल, पण पन्नास वर्षे मुकी होतील. मूळ गाड्यांना वेगळा मान जरूर असावा. त्याच्या शेजारी ‘नोंदलेल्या फेरबदलांसह जुनी’ असा एक वर्ग असता, तर सुरक्षितताही राखली जाती आणि इतिहासही.

२४/
तोवर आपल्या हाती काय आहे? नोंद. मी जीपचा एक ‘पाठभेद-ग्रंथ’ सुरू केला आहे. साधी दोनशे पानी वही. आरसी पुस्तकातील शेरे, गॅरेजची जुनी बिले, लग्नाच्या आल्बममधली तिची छायाचित्रे आणि काकांच्या आठवणी. डाव्या मडगार्डवरचा वेल्ड कोणत्या बैलबाजारच्या दिवशीचा, टप कोणी घडवला, कोणता रंग केव्हा लागला. सर्वांत मोलाची नोंद मात्र त्या टिंकरची ठरली. आता सत्तरीत असलेल्या त्या माणसाने मडगार्डवर तळवा फिरवला आणि डोळे मिटून सांगितले की ठोके कोठे पडले आहेत. त्याच्या मुलाने हा धंदा घेतलेला नाही.

२५/
व्हिंटेजचा अर्ज आम्ही भरला नाही. जीप जशी आहे तशी राहील आणि तिची वही तिच्याच डॅशबोर्डच्या कप्प्यात राहील. काकांच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे: १९६६ साली कारखान्यातून निघाली ती या जीपची पहिली आवृत्ती. दारात उभी आहे ती तिची प्रचलित प्रत, सर्व पाठभेदांसह. अभ्यासकाला दोन्ही हव्यात. आपल्याकडे मात्र बहुधा दुसरीच उरते, आणि तिला कमी लेखण्याचे कारण नाही.

आपल्या घरच्या किंवा गावच्या जुन्या गाडीत कोणते बदल झाले, कोणाच्या हातून झाले, केव्हा आणि का, हे खाली अवश्य लिहा. ज्यांनी केले ते हात अजून आहेत, तोवर विचारून घ्या.

धागा समाप्त.